माळाचे ऐंशी कान

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी माझ्या नवऱ्याला फोन करायचे आणि त्याला 'सर' म्हणायचे. तो मला 'मॅडम' म्हणायचा. यात थट्टा नव्हती. त्या फोनचं रेकॉर्डिंग व्हायचं, आणि नवऱ्याला काय म्हणून हाक मारावी याची सोय विद्यापीठाच्या नियमांत नव्हती.

"हत्तुरे सर, सीना विद्यापीठाच्या संगणन केंद्रातून बोलतेय. तुमच्या 'हुंकार' प्रकल्पाचा या महिन्याचा निकाल शून्य आलाय. पुढं चालू ठेवायचं का?"

"काय?"

"चालू ठेवायचं का?"

"चालू ठेवा." तो इतक्या मोठ्यांदा ओरडायचा की मला फोन कानापासून लांब धरावा लागे. "चालूच ठेवा, मॅडम."

मग फोन बंद. त्याआधी कधी माळावरचा वारा ऐकू यायचा, कधी चंडोलाची शीळ, आणि नंतरही मी उगाच फोन हातात धरून बसायचे.

आमचा काडीमोड झालेला नव्हता. भांडणसुद्धा झालेलं नव्हतं. रेवण पक्षीशास्त्राचा प्राध्यापक. एका पावसाळ्यात शेळवाडीच्या माळावर माळढोक शोधायला गेला. "मोसम संपला की येतो," म्हणाला. मोसम संपला, पक्षी काही मिळाला नाही, तेव्हा पुढच्या मोसमाची तयारी तिथंच राहून केलेली बरी असं त्यानं ठरवलं. असे अकरा मोसम गेले. माळ विद्यापीठापासून गाडीनं तासाभरावर. तो आला नाही आणि मीही गेले नाही. जो माणूस पाखरापायी घर सोडतो त्याच्या मागं आपण कशाला धावायचं, असा माझा ताठा. ताठ्यानं पाठ सरळ राहते खरी, पण रोज एकटीनं जेवायला बसलं की भाकरी निम्मीच संपते. त्याची आठवण यायची. रोज यायची, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

मी महानंदा हत्तुरे, संगणन केंद्राची प्रमुख, शिक्षणानं विजेची इंजिनिअर. केंद्र म्हणजे एक लांबलचक थंडगार दालन, त्यात रांगेनं उभी केलेली कपाटं, आणि कपाटांत रात्रंदिवस राबणारी यंत्रं. विद्यापीठातल्या कुणालाही मोठा हिशेब करायचा असला की तो आमच्याकडं यायचा. पूर्वी अशा केंद्राच्या फाटकावर एकच मीटर असे. एकत्र कुटुंबात सिलिंडर वेळेआधी संपतो, पण चहा कुणी किती वेळा उकळला ते कुणीच सांगत नाही, तशातली गत. बिल सगळ्यांचं आणि दोष कुणाचाच नाही.

मग 'काटा' आला. प्रत्येक चिपच्या पोटाशी नखाएवढी पट्टी बसवलेली. ती सेकंदाला हजारो वेळा विजेचा प्रवाह मोजते, आणि त्या क्षणी चिपवर ज्याचं काम चाललेलं असेल त्याच्या नावावर तो आकडा टाकते. यंत्रं तापतात, त्यांना थंड ठेवायलाही भरपूर वीज जाते. ज्याच्या कामानं जेवढी उष्णता केली, तेवढा थंडाव्याचा खर्चही त्याच्याच नावावर. बघता बघता प्रत्येक प्रश्नाला वजन आलं. आमचा भाग साखर कारखान्यांचा, त्यामुळं उसाच्या गाड्या जिथं तोलतात त्या काट्याचंच नाव या यंत्रणेला पडलं.

सुरुवातीला गंमत होती. रसायनशास्त्रातला एक हिशेब वर्षानुवर्षं अखंड चालू असल्याचं उघड झालं. तो सुरू करणारा विद्यार्थी मधल्या काळात नोकरीला लागून, लग्न करून, एका मुलीचा बाप झाला होता. दुसऱ्या एका विभागात एक प्रोग्राम रोज सकाळी अहवाल तयार करायचा आणि दुसरा प्रोग्राम तो कुणी उघडायच्या आत पुसून टाकायचा. दोघंही आपापलं काम चोख करत होते. अशी कामं मी बंद केली, तेव्हा कुणाला पत्ताही लागला नाही.

पुढं मात्र वरून 'निकालामागे वीज' नावाचा अंक आला. एका निकालाला किती युनिटं लागली त्यावर प्राध्यापकाची पत ठरायला लागली. ज्याच्या प्रश्नाला उत्तर येत नाही, त्याचं नाव लाल. कुलगुरू दर बैठकीत लाल नावं मोठ्यानं वाचून दाखवायचे. गणिताच्या दुधनीकर मॅडम एकदा जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाल्या, "नंदाताई, आता मी ज्याचं उत्तर ठाऊक हाय तेवढेच प्रश्न विचारते बगा. माझा अंक लई झकास आलाय." आम्ही दोघी हसलो. पण बाईंचं आयुष्य एका न सुटणाऱ्या गणितामागं गेलं होतं, आणि ते गणित त्यांनी त्याच महिन्यात सोडून दिलं होतं.

सगळ्यांत लाल नाव रेवणचं. निकाल शून्य आणि वीज केंद्राच्या जवळजवळ तिसरा हिस्सा.

माळढोकाचा नर विणीच्या दिवसांत गळ्याची पिशवी फुगवून खोल, दबका हुंकार काढतो. गवताळ माळावर तो लांबवर जातो. शेळवाडीच्या माळावरून विजेची मोठी तार गेलेली आहे, तिच्या मनोऱ्यांवर रेवणनं ऐंशी मायक्रोफोन बसवले होते. त्यांना तो 'माळाचे कान' म्हणायचा. ते जे ऐकतील ते आमच्याकडं यायचं आणि आमची यंत्रं त्यात हुंकार शोधायची. अडचण तारेचीच होती. वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते आणि प्रत्येक हेलकाव्यात तारेला, ट्रान्सफॉर्मरला दोनदा झटका देते, म्हणून तार सेकंदाला शंभर कंपनांनी गुणगुणत राहते. माळढोकही साधारण त्याच पट्टीत बोलतो. साधी चाळणी लावली तर गुणगुणीबरोबर पक्षीही गळून जाणार. म्हणून प्रोग्रामला त्या गुणगुणीचा क्षणाक्षणाचा आकार शिकून घ्यावा लागायचा आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी ती अलगद सोलून काढावी लागायची. ऐंशी कानांची ही सोलणी दिवसरात्र चालू. ती वीज खाणारच.

त्या वर्षी श्रावणात कुलगुरूंनी मला बोलावलं. "मॅडम, आपल्याला दोन तारांनी वीज येते. एक रस्त्याकडून, एक माळावरून. आपला भार खाली आला तर रस्त्याकडची एकटी पुरेल. पाखरं धडकतात म्हणून माळावरची तार काढून टाका, असं वनखातं कधीचं मागं लागलंय. किती खाली येता येईल ते बघा."

मी कामाला लागले. रिकामी यंत्रं झोपवली. दालन उगाच थंड ठेवलं होतं, ते थोडं उबदार केलं, तेव्हा आमच्या लोकांनी वर्षानुवर्षांचे स्वेटर काढून खुंटीला लावले. ज्या कामांना घाई नव्हती ती उन्हाच्या वेळेला, विद्यापीठाच्या छतावरच्या सौरपट्ट्यांवर ढकलली. भार उतरत गेला आणि एका जागी येऊन अडला. आता एकच काम उरलं होतं, रेवणचं.  

'हुंकार' बंद करायचा अधिकार माझा होता. शून्य निकालाचं काम प्रमुख केव्हाही थांबवू शकते. पण मग पहिल्या तारखेला कुणाला फोन करायचा? माणसाचं मन असं चोरटं असतं. मी स्वतःला सांगितलं, आधी नीट अभ्यास करू, आणि एका दुपारी 'हुंकार'चे सगळे आलेख पसरून बसले.

एक आलेख होता, प्रोग्राम माळावरच्या आवाजातून किती गुणगुण सोलून काढतो त्याचा. सवयीनं मी शेजारी आमच्या केंद्राच्या भाराचा आलेख ठेवला होता. दोन्ही रेषा एकसारख्या. एक चढली की दुसरी चढायची, एक उतरली की दुसरीही. मला वाटलं मी चुकून तोच आलेख दोनदा उघडला. पुन्हा तपासलं. मग खुर्ची मागं सारून बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

रेवणच्या लेखी तारेची गुणगुण म्हणजे 'परिसरातला नको तो आवाज'. आमच्या लेखी तार म्हणजे वीजपुरवठा. पक्ष्यांचा माणूस विजेकडं बघणार नाही आणि विजेची माणसं पक्ष्याकडं बघणार नाहीत. त्यामुळं अकरा वर्षांत ही दोन टोकं कुणी जोडलीच नव्हती.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. गाडी काढली आणि निघाले.

माळाच्या कडेला त्याची दोन खोल्यांची जागा. तो दारात कुसळं झाडत बसला होता. केस पार पिकलेले, चेहरा उन्हानं काळवंडलेला, शर्टाचं एक बटण भलत्याच रंगाचं. 

"तू?" तो म्हणाला. तसाच मोठ्यांदा, फोनवर बोलायचा तसा.

"ओरडू नकोस. इतकी वर्षं रागच धरून बसलायस का माझ्यावर?"

तो पाठ फिरवून चहा टाकायला वळला होता. उत्तर दिलं नाही. घ्या, म्हटलं, रुसवा अजून ताजा आहे. त्यानं चहा आणला, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं ठेवली आणि समोर बसून माझ्या तोंडाकडं एकटक बघायला लागला. कॉलेजात असताना असाच बघायचा. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, पण खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

मी काडी घेऊन अंगणातल्या मातीत एक गोल काढला. "ही माळावरची तार. ही आमच्याकडं वीज आणते. ती वीज तुझा प्रोग्राम खातो. कशासाठी? या तारेची गुणगुण पुसायसाठी. तो जास्त राबला की तारेतनं जास्त वीज जाते. मग गुणगुण वाढते. मग तो आणखी राबतो." काडी गोलावरून फिरत राहिली. "अकरा वर्षं तू माळ नाही ऐकायलास, रेवण. आमच्या केंद्राचं घोरणं ऐकायलास."

तो त्या गोलाकडं बघत राहिला. लांब, गवतावर, मनोऱ्यांची रांग उभी होती आणि तिची ती दबकी गुणगुण खरोखरच सगळीकडं भरून राहिली होती.

"तार काढता येते?" त्यानं विचारलं.

"येते. तुझं काम बंद केलं तर भार पुरेसा खाली येतो. पण तुझे मायक्रोफोन त्याच मनोऱ्यांवर आहेत. मनोरे गेले की तेही गेले. नवीन यायला पुढचं वर्ष उजाडेल."

"मोसम चालू हाय, मॅडम." मग स्वतःशीच चुकल्यासारखा थांबला. "नंदा, भर मोसम हाय. ज्या दिवशी बंद करशील त्याच दिवशी तो बोलला तर?"

"आणि बोलून उडाला आणि तारेला धडकला तर? मग ऐकून काय उपयोग?"

 त्यानं हातानं मधल्या मनोऱ्याकडं दाखवलं. "तिसऱ्या वर्षी त्याच्याखाली मादी सापडली होती. मान मोडलेली. मीच पुरली तिला. जड पाखरू, समोरची तार त्याला दिसत न्हाई. डोळे बाजूला असतात की."

"हे मला सांगितलं नाहीस कधी."

"तुझी तार होती ती," तो म्हणाला. "तुला काय सांगायचं?"

एवढ्या वर्षांत मी त्याच्यावर मनातल्या मनात केलेले आरोप कमी नव्हते. त्यातला एकही त्या क्षणी मला आठवेना. माळावर माझ्या नावाची एक तार होती आणि तिच्याखाली पडलेलं पाखरू त्यानं एकट्यानं पुरलं होतं. मी हातातली भाकरी ताटात परत ठेवली.

शेवटी तो म्हणाला, "बंद कर."

"नक्की?"

"कर बंद. ऐकण्यापेक्षा तो जगलेला बरा." मी उठले, गाडीपाशी गेले, तसा तो मागोमाग आला आणि काचेवर हात ठेवून उभा राहिला. "मग पहिल्या तारखेला फोन कशाला करशील?"

 मी गाडी सुरू केली. आरशात तो तसाच उभा राहिलेला वळण येईपर्यंत दिसत होता.

'हुंकार' मी स्वतःच्या हातानं थांबवला. एका रांगेतले पंखे सावकाश मंदावले आणि दालनाचा नेहमीचा आवाज एक पट्टी खाली आला. काट्यावर आमचा भार इतका उतरला की कुलगुरूंनी पेढे वाटले. सभेत माझं कौतुक झालं, इतर विद्यापीठांतून पाहुणे बघायला आले. त्यांना मी सगळं समजावून सांगितलं, झोपवलेली यंत्रं दाखवली, खुंटीवरचे स्वेटर दाखवले. तिसरा हिस्सा कुठून वाचला ते कुणी विचारलं की म्हणायचे, एक जुनं काम होतं, निकाल देत नव्हतं. असं म्हणताना जीभ जड व्हायची.

माळावरच्या तारेची वीज तोडली गेली. मनोरे उतरवायला माणसं कामाला लागली. पावसानं उघडीप दिली होती, त्यामुळं काम भराभर झालं.

मग पहिली तारीख आली. फोन करायच्या लोकांत त्याचं नाव नव्हतं. भल्या पहाटे उठून मी सवयीनं फोन हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. चहा केला, तो गार झाला. मला तो ओरडण्याचा आवाज हवा होता. बाकी काही नको, नुसतं 'चालू ठेवा, मॅडम' एवढंच. रजेचा निरोप पाठवला आणि अंधारातच निघाले. माळावर पोचले तेव्हा पूर्वेला नुकतं फटफटत होतं आणि गवत दवानं वाकलं होतं.

मनोरे नव्हते. त्यांच्या जागी माळ मोकळाच मोकळा. तारांची भेंडोळी गवतात पडलेली. रेवण त्यांच्यापाशीच उभा होता, कान टवकारून. मी जवळ गेले तरी त्याला चाहूल लागली नाही. खांद्याला हात लावला तेव्हा दचकला.

"बरं झालं आलीस," तो म्हणाला. "तुमच्या लोकांनी काम अर्धवट ठेवलंय. तार अजून चालू हाय."

"कुठली तार?"

"हीच की. ऐकू येयलं न्हाई का तुला? तीच गुणगुण. जरासुद्धा कमी झाली न्हाई."

मी ऐकलं. चंडोल होता. गवतातून वारा होता. लांब कुठंतरी शेळ्यांच्या गळ्यातली घंटा होती. आणखी काहीच नव्हतं. इतकी शांतता मी वर्षानुवर्षं ऐकलेली नव्हती. माझं सगळं आयुष्य पंख्यांच्या आवाजात गेलेलं.

"रेवण," मी त्याच्या पाठीमागून हळूच म्हटलं, "तार कापलीय. ही बघ, जमिनीवर पडलीय." तो वळला नाही. मी पुन्हा म्हटलं. तो नाही वळला.

तेव्हा मला एकेका गोष्टीचा अर्थ लागत गेला. फोनवरचं ते ओरडणं. दर वेळचं ते 'काय?'. चहा टाकताना त्याच्या पाठीकडून न मिळालेलं उत्तर. समोर बसून माझ्या ओठांकडं एकटक बघणं. मी त्याला राग समजले होते, रुसवा समजले होते, आणि शेवटी प्रेम समजून मनातून सुखावले होते.

मी वळसा घालून त्याच्या समोर आले आणि तेच पुन्हा सांगितलं. त्यानं माझे ओठ पाहिले, मग जमिनीवरचं भेंडोळं पाहिलं. पायानं ते हलवून बघितलं. मग दोन्ही हातांनी कान घट्ट दाबले आणि तसाच उभा राहिला. गुणगुण हातांच्या आतही चालूच असणार, कारण त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मग हे काय हाय?" तो म्हणाला.

"कानातली आहे ती. तारेखाली राहून राहून बसली असेल, नाहीतर वयानं. खालच्या पट्टीतले, हळू आवाज येईनासे झालेत तुला."

तो भेंडोळ्यावरच बसला. "म्हणजे तो आला तरी मला..."  अकरा मोसम ज्याची वाट बघितली, तो हाकेच्या अंतरावर येऊन बोलला तरी आता याला कळणार नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसले. तार ओली आणि गार होती.

"मी ऐकते," मी त्याच्याकडं तोंड करून म्हटलं. "तू बघ, मी ऐकते."

"तुझं केंद्र?"

"झोपायला शिकवलंय त्याला. सकाळचं माझ्यावाचून अडत नाही."

 आम्ही बसलो. ऐंशी कान गेले होते आणि माझे दोन उरले होते. उजाडत गेलं. धाविक पक्ष्यांची जोडी समोरून तुरुतुरु पळत गेली. एक खोकड थांबून आमच्याकडं बघून निघून गेलं. मी जीव कानांत आणून ऐकत होते. मला तो पक्षी हवा होता, माझ्यासाठी हवा होता, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आतापर्यंत मला वाटायचं की त्यानं माझा नवरा नेला.

ऊन वर आलं. आता माळढोक बोलायची वेळ टळली होती. रेवणनं माझ्याकडं पाहिलं.

"आला का?"

हो म्हणणं सोपं होतं. पडताळायला आता माळाचे कान नव्हते आणि त्याचे तर नव्हतेच. एका शब्दानं त्याचे अकरा मोसम सार्थकी लागले असते. पण आयुष्यभर शून्याला शून्य म्हणत आले, आणि या माणसापुढं तर खोटं बोलायची इच्छाच नव्हती. मी मान हलवली. मग सरळ बसले, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि एकेक शब्द सावकाश, ओठांवर नीट दिसेल असा म्हटला.

"हत्तुरे सर, आजचा निकाल शून्य आलाय. पुढं चालू ठेवायचं का?"

 तो बोलला, आणि या खेपेला त्याचा आवाज जेमतेम माझ्यापुरता होता.

"चालू ठेव, नंदा."